ऑर्फन, वेफ, फाउंडलिंग, स्टेप: आईबाप नसलेल्या मुलांसाठीचे इंग्रजी शब्द (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

बालगृहांतल्या मुलांच्या फायली मराठीतून इंग्रजीत उतरवून देणं हे माझं रोजचं काम आहे. त्यात चौकशी अहवाल असतात, शाळेचे दाखले असतात, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या असतात आणि कधी मुलांनी स्वतः लिहिलेली पत्रंही असतात. संस्थांतले कार्यकर्ते, भाषांतर शिकणारे विद्यार्थी, दत्तक घेऊ पाहणारी जोडपी, शिक्षक, सगळे फिरून फिरून तेच विचारतात: इथे ऑर्फन लिहायचं की दुसरं काही? त्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. एक गोष्ट आधीच सांगते. यातले बहुतेक शब्द सुरुवातीला दुःखाचे नव्हतेच. मालमत्ता कोणाकडे जाणार आणि मूल कोणाच्या ताब्यात राहणार, हे सांगणारे ते शब्द होते. हे ध्यानात ठेवलं की पुढची बरीच कोडी आपोआप सुटतात.

१. ऑर्फन म्हणजे नक्की कोण? दोघंही गेलेले, की एक गेला तरी चालतो?

रोजच्या इंग्रजीत ऑर्फन म्हटलं की आई आणि वडील दोघंही नाहीत असंच समजतात. आकडेवारीत मात्र तसं नाही. युनिसेफ आणि तिच्या सहयोगी संस्थांच्या व्याख्येत एक किंवा दोन्ही पालक गमावलेलं १८ वर्षांखालचं मूल ऑर्फन ठरतं. या व्याख्येने २०१५ मध्ये जगात जवळपास १४ कोटी ऑर्फन होते, आणि त्यातले दोन्ही पालक गमावलेले सुमारे १ कोटी ५१ लाख. म्हणजे ‘जगात १४ कोटी अनाथ’ असा मथळा वाचून आपल्या डोळ्यांसमोर जे चित्र उभं राहतं, ते त्यातल्या साधारण नवव्या हिश्श्याला लागू पडतं. बाकीच्या मुलांची आई किंवा वडील हयात आहेत.

म्हणून अहवालांत तीन वेगळे शब्द येतात. मॅटर्नल ऑर्फन म्हणजे आई गेलेलं मूल, पॅटर्नल ऑर्फन म्हणजे वडील गेलेलं, आणि डबल ऑर्फन म्हणजे दोघंही गेलेलं. भाषांतर करताना ‘मातृहीन’, ‘पितृहीन’ आणि ‘आईवडील दोघेही नसलेले’ असं उघड लिहावं. तिन्हींना सरसकट ‘अनाथ’ लिहिणं ही चूक आहे.

२. हा शब्द मुळात कुठला?

इंग्रजीत तो मध्ययुगात आला, उत्तरकालीन लॅटिनमधल्या ‘ऑर्फानुस’वरून. लॅटिनने तो ग्रीक ‘ऑर्फानोस’वरून घेतला होता. इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘फ’साठी एफ नसून पीएच आहे, ती त्याच ग्रीक जन्माची खूण.

आणखी मागे गेलं की या भाषांच्या सामाईक पूर्वज भाषेतला, म्हणजे आदिम भारोपीय भाषेतला धातू लागतो. आपल्या लिपीत तो ढोबळपणे ‘ओर्भ’ असा लिहिता येईल. त्याचा अर्थ एका हातातून दुसऱ्या हातात जाणं, स्थिती बदलणं. त्याची भावंडं पाहा. जर्मनमध्ये ‘एर्बे’ म्हणजे वारस आणि वारसाही. जुन्या इंग्रजीत ‘यर्फे’ म्हणजे वारसाहक्काने आलेली मालमत्ता. लॅटिनमध्ये ‘ऑर्बुस’ म्हणजे ज्याचं कोणी हिरावलं गेलं आहे तो. आर्मेनियनमध्ये ‘ऑर्ब’ म्हणजे आजही पोरकं मूल. बाप गेला की जमीन, गुरंढोरं आणि मूल, सगळ्यांचेच हात बदलत. म्हणून वारसा आणि पोरकेपण हे दोन अर्थ एकाच मुळातून फुटले.

प्राचीन ग्रीसमधल्या अथेन्स नगरात ‘ऑर्फानोस’ म्हणजे बाप नसलेला. आई घरात धडधाकट असली तरी मुलगा ऑर्फानोसच, कारण कायद्याने त्याच्या वतीने उभं राहणारा पुरुष उरलेला नसे. युद्धात बाप पडलेल्या मुलांना नगर स्वतःच्या खर्चाने वाढवी. ती सज्ञान झाली की डायोनिसस या देवाच्या उत्सवात, नाटकं सुरू होण्याआधी, भरल्या प्रेक्षागृहासमोर त्यांना ढाल-चिलखत चढवून उभं करत.

३. आपला ‘अर्भक’ आणि इंग्रजी ‘ऑर्फन’ हे खरंच एकाच कुळातले का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि मलाही तो फार आवडतो. ध्वनींच्या नियमात हे नातं चोख बसतं. शब्दाच्या मध्ये संस्कृतात ‘भ’ असेल तिथे ग्रीकमध्ये ‘फ’ आणि लॅटिनमध्ये ‘ब’ मिळतो. आपलं ‘नभ’ घ्या. ग्रीकमध्ये ‘नेफोस’ म्हणजे ढग, लॅटिनमध्ये ‘नेबुला’ म्हणजे धुकं. त्याच चालीने संस्कृत ‘अर्भ’, ग्रीक ‘ऑर्फ-’, लॅटिन ‘ऑर्ब-’.

अर्थाच्या बाजूने मात्र थोडं जपून बोलावं लागतं. ऋग्वेदात ‘अर्भक’ म्हणजे लहान, दुबळा. ‘नमो महद्भ्यो नमो अर्भकेभ्यः’ या ऋचेत थोरांना नमस्कार आहे आणि धाकट्यांनाही. तिथे पोरकेपणाचा मागमूस नाही. म्हणून बरेच व्युत्पत्तिकार अर्भकाला याच कुळात बसवतात, तर काही जण अर्थाच्या अंतरामुळे तसं करत नाहीत. लेखात वापरायचं असेल तर ‘नातं मानलं जातं’ एवढंच लिहा.

४. आणि ‘रोबोट’? तोही याच घरातला म्हणतात.

हो. स्लाव्ह भाषांत त्याच धातूपासून गुलाम आणि कष्ट या अर्थांचे शब्द झाले. चेक ‘रोबोता’ म्हणजे जमीनदाराच्या शेतावर करावी लागणारी वेठबिगार. कारेल चापेक यांच्या १९२० साली प्रसिद्ध झालेल्या ‘आर. यू. आर.’ या नाटकात माणसांसाठी राबणाऱ्या कृत्रिम मजुरांना ‘रोबोट’ हे नाव मिळालं, आणि ते सुचवलं होतं त्यांच्या भावाने, योसेफने. बाप नसलेलं मूल ज्याच्या हाती पडेल त्याच्याकडे राबणार, अशा वाटेने हा अर्थ गेला असावा असं मानतात. जर्मन ‘आर्बाइट’, म्हणजे काम, हेही याच कुळातलं धरतात.

५. ऑर्फन यायच्या आधी इंग्रजीत काय म्हणत? की तेव्हा शब्दच नव्हता?

शब्द होता, आणि तो आजही जिवंत आहे. फक्त तो आपल्याला ओळखू येत नाही. जुन्या इंग्रजीत पोरक्या मुलाला ‘स्टेओपचाइल्ड’ म्हणत. होय, आजचा स्टेपचाइल्ड. यातल्या ‘स्टेप’चा पायरीशी किंवा पावलाशी काही संबंध नाही. उच्चार कालांतराने सारखा झाला, इतकंच. हा ‘स्टेओप’ जुन्या इंग्रजीतल्या ‘हिरावून घेणं’ या अर्थाच्या क्रियापदाच्या नात्यातला आहे. जर्मनमध्ये तोच ‘श्टीफ’ होऊन राहिला आहे. म्हणजे स्टेपचाइल्ड हे आधी पोरकं मूल होतं, आणि स्टेपमदर म्हणजे त्या पोरक्या मुलाची आई झालेली बाई. आता घटस्फोटानंतरच्या लग्नातही हाच शब्द वापरतात आणि त्यात कोणी गेलेलं नसतं. तो अर्थ पुष्कळ नंतरचा.

आपला ‘सावत्र’ इथे शेजारी ठेवून पाहा. तो सवतीच्या, म्हणजे संस्कृत ‘सपत्नी’च्या घरातला. इंग्रजीने नातं मुलाच्या बाजूने पाहिलं: याचं कोणी तरी गेलं. मराठीने ते बायकोच्या बाजूने पाहिलं: हिच्या नवऱ्याची दुसरी बायको. एकच घर, पण दोन वेगळ्या दारांतून पाहिलेलं.

यातून कामाचा एक पेच निघतो. मराठीत बाप एक आणि आई वेगळी असेल तरी ‘सावत्र भाऊ’, आणि आईने दुसरं लग्न केल्यावर त्या घरात आधीपासून असलेला मुलगाही ‘सावत्र भाऊ’. इंग्रजीत पहिला हाफ-ब्रदर, दुसरा स्टेपब्रदर. पहिल्याशी रक्ताचं नातं आहे, दुसऱ्याशी नाही, आणि वारसाहक्काच्या कागदात या फरकाने सगळं बदलतं. फायलीत नुसतं ‘सावत्र’ असेल तर कार्यकर्तीला फोन करून विचारा. मी दर वेळी विचारते.

६. ऑर्फनसाठी मराठीत कोणता शब्द? अनाथ, पोरका, की यतीम?

तिघांचं वजन वेगळं आहे.

‘अनाथ’मध्ये आईबाप कुठेच नाहीत. नाथ नाही तो अनाथ, म्हणजे ज्याला धनी नाही, ज्याच्या पाठीशी कोणी नाही. म्हणूनच विठ्ठलाला ‘अनाथांचा नाथ’ म्हणताना वारकरी फक्त आईबाप नसलेल्यांविषयी बोलत नाही. तो स्वतःला त्यात धरतो. श्रावस्तीचा व्यापारी सुदत्त बौद्ध परंपरेत ‘अनाथपिंडिक’ म्हणून ओळखला जातो, तो निराधारांना अन्न देणारा म्हणून. आईवडील नसलेलं मूल हा ‘अनाथ’चा अर्थ आज सरकारी कागदांत पक्का झाला आहे, त्यामुळे कायद्याच्या भाषांतरात तोच घ्यावा. महाराष्ट्र सरकारने २०१८ मध्ये शिक्षणात आणि नोकरीत एक टक्का आरक्षण दिलं, तेही ‘अनाथ’ मुलांना.

‘पोरका’ हा मनाचा शब्द. त्याला वयाचं बंधन नाही. साठीच्या गृहस्थाची आई गेली की तो सहज म्हणतो, ‘आज मी पोरका झालो.’ मोठा नेता गेला की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात अख्खा महाराष्ट्र पोरका होतो. इंग्रजीत ऑर्फन हे नाम सहसा लहान मुलापुरतं राहतं. मोठ्या माणसासाठी ते वापरायचं तर ‘ॲडल्ट ऑर्फन’ असं मुद्दाम जोडून सांगावं लागतं. मुलाच्या पत्रात ‘मी पोरका आहे’ असं वाक्य असेल तर ते कायद्याचं विधान समजू नका. त्याची आई जिवंत असू शकते.

‘यतीम’ अरबीतून उर्दूत आणि तिथून आपल्याकडे आलेला. मुस्लिम कायद्यात यतीम म्हणजे वयात येण्याआधी बाप गेलेलं मूल. आई असली तरी यतीम, अगदी अथेन्ससारखंच (प्रश्न २). त्याला थेट ऑर्फन लिहिलंत तर अर्थ थोडा सरकतो.

७. ‘फादरलेस’ आणि ‘मदरलेस’ मधला ‘लेस’ म्हणजे कमी का?

नाही. कमी या अर्थाचा ‘लेस’ वेगळा. हा प्रत्यय जुन्या इंग्रजीतल्या ‘लेआस’वरून आला. त्याचा अर्थ मोकळा, विरहित, आणि तो ‘लूज’ या सुटा-सैल अर्थाच्या शब्दाच्या आणि हरवणं या अर्थाच्या ‘लूझ’च्या नात्यातला आहे.

दोन्ही शब्द ऑर्फनपेक्षा जुने आहेत. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये ‘फादरलेस’ जागोजागी सापडतो. ‘ऑर्फन्स’ मात्र मुख्य मजकुरात एकदाच येतो, विलापगीताच्या पाचव्या अध्यायात. योहानाच्या शुभवर्तमानात मूळ ग्रीकमध्ये चक्क ‘ऑर्फानूस’ आहे (‘मी तुम्हाला पोरकं सोडणार नाही’ अशा आशयाचं वाक्य), पण तिथे भाषांतरकारांनी ‘कम्फर्टलेस’ लिहिलं. ग्रीक शब्द समोर असूनही त्यांनी सांत्वनाचा शब्द निवडला. भाषांतर करणाऱ्याने या जागी थोडं थांबावं.

८. जुन्या अमेरिकन कागदांत ‘हाफ-ऑर्फन’ दिसतो. तो काय प्रकार?

आई किंवा बाप यांपैकी एकच उरलेलं मूल. एकोणिसाव्या शतकात तिथे अशा मुलांसाठी वेगळे आश्रम होते. न्यूयॉर्कमध्ये असा एक १८३० च्या दशकातच निघाला. विधवा बाई कामावर जाई, मूल आश्रमात राही आणि आई आठवड्याचा खर्च भरी. त्यामुळे ‘आजोबा ऑर्फन असायलममध्ये वाढले’ असं वाचलं की त्यांचं कोणीच नव्हतं असा निष्कर्ष काढू नका. १८५४ ते १९२९ या काळात पूर्वेकडच्या शहरांतून सुमारे दोन लाख मुलं आगगाडीने पश्चिमेकडच्या शेतकरी कुटुंबांत पाठवली गेली. त्या गाड्यांना पुढे ‘ऑर्फन ट्रेन’ असं नाव पडलं. त्यातल्या कितीतरी मुलांचे आईबाप हयात होते. ते फक्त गरीब होते.

९. ‘वेफ’ म्हणजे पोरकं मूल की बारीक अंगाची मुलगी?

दोन्ही, पण मुळात यातलं एकही नाही. वेफ हा सरंजामी हक्कांच्या कायद्यातला शब्द. नॉर्मन काळातल्या इंग्लंडमध्ये ज्याचा मालक सापडत नाही ती वस्तू म्हणजे वेफ, आणि विशेषतः पळणाऱ्या चोराने वाटेत टाकून दिलेला माल. असा माल राजाचा किंवा त्या भागातल्या सरदाराचा होई. चुकलेलं, मालक नसलेलं जनावर ते ‘स्ट्रे’. दोन्ही हक्क एकत्र सांगताना ‘वेफ्स अँड स्ट्रेज’ अशी जोडी झाली. हक्क सोडणं या अर्थाचं ‘वेव्ह’ हे क्रियापदही याच घरातलं. त्यामागे वाऱ्यावर फडफडणाऱ्या वस्तूसाठीचा एक जुना स्कँडिनेव्हियन शब्द असावा असं मानतात.

आपला ‘बेवारस’ याला तंतोतंत जुळतो. वारस नाही ते बेवारस. आज आपण बेवारस गाडी म्हणतो, बेवारस बॅग म्हणतो, बेवारस मृतदेह म्हणतो. आणि मूलही. १८८१ मध्ये इंग्लंडच्या चर्चने निराश्रित मुलांसाठी काढलेल्या संस्थेच्या नावातच ‘वेफ्स अँड स्ट्रेज’ होतं. ती आज ‘द चिल्ड्रन्स सोसायटी’ म्हणून काम करते, आणि नाव बदललं ते बरंच झालं. पंचनाम्यात एखाद्या बाळाबद्दल ‘बेवारस स्थितीत मिळून आले’ असं लिहिलेलं मला आजही दिसतं. इंग्रजीत उतरवताना मी तिथे ‘सोबत कोणी मोठं माणूस नसताना आढळलं’ एवढंच लिहिते. अर्थ पुरता पोचतो.

हाडकुळी, मोठ्या डोळ्यांची मॉडेल हा अर्थ अलीकडचा. उपाशी मुलाच्या चित्रावरून तो आला.

१०. फाउंडलिंग आणि ऑर्फन यांत फरक काय?

ऑर्फनचे आईबाप कोण होते ते माहीत असतं, आणि ते नाहीत हेही माहीत असतं. फाउंडलिंग म्हणजे सापडलेलं बाळ. त्याचे आईबाप कोण, जिवंत आहेत की नाहीत, काहीच ठाऊक नसतं. ‘सापडलं’ या अर्थाच्या ‘फाउंड’ला ‘लिंग’ हा लहानपणाचा प्रत्यय लागला, जसा बदकाच्या पिल्लाच्या ‘डकलिंग’मध्ये आहे.

हा शब्द जगाला ठाऊक झाला तो लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटलमुळे. टॉमस कोरम नावाच्या दर्यावर्दी गृहस्थाने रस्त्याकडेला टाकलेली बाळं पाहिली आणि वर्षानुवर्षं खटपट करून १७३९ मध्ये राजाची सनद मिळवली. १७४१ मध्ये पहिली मुलं आत आली. हॉस्पिटल म्हणजे इथे रुग्णालय नव्हे. आसरा देणारी जागा, हा त्या शब्दाचा जुना अर्थ.

जागा कमी आणि दारात बायका जास्त, म्हणून लवकरच चिठ्ठीसारखी पद्धत आली. बाळाला कडेवर घेऊन आलेली बाई पिशवीत हात घालून चेंडू काढी. पांढरा निघाला तर तपासणीत बाळ निरोगी ठरल्यावर प्रवेश. काळा निघाला तर परत. लाल निघाला तर थांबायचं, पांढरावाल्यांपैकी कोणाचं बाळ तपासणीत नाकारलं गेलं तरच संधी. बाळाबरोबर एखादी खूण ठेवत: फुलाफुलांच्या कापडाचा तुकडा, कोरलेलं नाणं, रिबीन. पुढे कधी दिवस फिरले तर आईने येऊन खूण सांगायची आणि मूल ओळखून न्यायचं. मुलाचं नाव आत आल्यावर बदलत असल्यामुळे ती खूणच काय तो धागा. हे तुकडे वहीच्या पानांना टाचून ठेवलेले होते आणि ते आजही जपून ठेवले आहेत. पुष्कळ आयांना परत येता आलं नाही. १७५६ ते १७६० या काळात सरकारी पैशातून येईल ते बाळ घ्यायचं ठरलं, तेव्हा सुमारे पंधरा हजार बाळं आली. त्यातली बहुतेक जगली नाहीत.

सापडलेल्या मुलांच्या आडनावांतही ती जागा उरते. लंडनच्या टेंपल भागात सापडलेल्या बाळांना ‘टेंपल’ हे आडनाव देत. इटलीत ‘एस्पोसितो’, म्हणजे बाहेर ठेवलेला, हे आडनाव आज सर्रास आढळतं.

आपल्याकडे जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, ते गरोदर विधवांसाठी. त्याला फाउंडलिंग हॉस्पिटल म्हणणं बरोबर नाही. तिथे बाळ सापडत नसे, आई स्वतः येऊन बाळंत होई. त्यांनी दत्तक घेतलेला यशवंतही म्हणूनच फाउंडलिंग नव्हता. त्याची आई कोण ते माहीत होतं.

११. अर्जात ऑर्फन, अबँडन्ड आणि सरेंडर्ड अशा तीन चौकटी असतात. कशावर खूण करायची?

आपल्या अंदाजाने एकीवरही करू नका. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात तिन्हींच्या व्याख्या आहेत. ऑर्फन म्हणजे जन्मदाते किंवा दत्तक आईवडील अथवा कायदेशीर पालक नसलेलं मूल, किंवा ज्याचा कायदेशीर पालक सांभाळायला तयार नाही वा समर्थ नाही ते. अबँडन्ड म्हणजे पालकांनी सोडून दिलेलं आणि चौकशीनंतर बालकल्याण समितीने तसं घोषित केलेलं. सरेंडर्ड म्हणजे परिस्थिती हाताबाहेर गेल्यामुळे पालकांनी समितीपुढे येऊन रीतसर सोपवलेलं. सोपवणाऱ्या पालकांना फेरविचारासाठी दोन महिने मिळतात.

म्हणजे रस्त्यावर सापडलेलं बाळ साध्या भाषेत फाउंडलिंग, पण समितीचा आदेश येईपर्यंत कायद्याने अबँडन्डही नाही. आणि सरेंडर्डसाठी मराठीत ‘टाकलेलं’ लिहू नका. ‘समितीकडे सोपवलेलं’ लिहा. ती आई समितीसमोर खुर्चीवर बसून सही करून गेलेली असते.

१२. वडील गेल्यावर जन्मलेल्या मुलाला इंग्रजीत काय म्हणतात? ते ऑर्फन होतं का?

‘पॉस्च्युमस’ चाइल्ड. लॅटिन ‘पोस्तुमुस’ म्हणजे सगळ्यात शेवटचा, शेंडेफळ. लोकांना त्यात माती या अर्थाचं ‘हुमुस’ ऐकू आलं, ‘मातीत पुरल्यानंतरचा’ असा अर्थ जोडला गेला आणि स्पेलिंगमध्ये एक एच घुसला. तो एच चुकीचा आहे पण आता कायमचा आहे. ऑर्फन होतं का, याचं उत्तर प्रश्न १ मध्ये आहे: युनिसेफच्या हिशेबात हो, रोजच्या बोलण्यात नाही. वारसाचं म्हणाल तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात, गर्भात असलेलं मूल जिवंत जन्मलं तर त्याचा हक्क आधी जन्मलेल्या मुलाइतकाच.

१३. आईबाप जिवंत असूनही मूल ‘कोणाचंच नाही’ असं कायद्यात होतं का?

होतं. लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलाला इंग्रजी कायदा ‘फिलिउस नुल्लिउस’ म्हणे, म्हणजे कोणाचाच मुलगा नव्हे. आई शेजारी उभी असली तरी वारसाहक्कापुरतं ते मूल कोणाचंच नसे. इंग्लंड आणि वेल्समध्ये हे भेद १९८७ च्या कायद्याने जवळजवळ पुसले. ‘बास्टर्ड’ हा शब्द बहुधा जुन्या फ्रेंचमधला, खोगिरावर झोपणाऱ्या फिरस्त्याचं मूल अशा अर्थाचा. जुन्या दस्तऐवजाचं भाषांतर करताना त्याची मराठी शिवी करू नका. तिथे ती कायद्याची संज्ञा आहे.

१४. फॉस्टर, ॲडॉप्ट, वॉर्ड यांचे मूळ अर्थ काय?

फॉस्टर म्हणजे अन्न. ‘फूड’चाच तो नातलग. फॉस्टर मदर ही मुळात भरवणारी बाई, पाजणारी. वॉर्ड म्हणजे राखण. ‘गार्ड’ हाच शब्द फ्रान्सच्या दुसऱ्या बोलीतून आला, म्हणून सांभाळणारा गार्डियन आणि सांभाळला जाणारा वॉर्ड ही एकाच शब्दाची दोन रूपं. आपल्याकडचा १८९० चा ‘गार्डियन्स अँड वॉर्ड्स ॲक्ट’ हा त्यांचाच. महापालिकेचा आणि दवाखान्याचा वॉर्डही तोच.

ॲडॉप्ट लॅटिनमधून आला. निवडणं हा त्याचा गाभा, ‘ऑप्शन’मधला. आपल्या ‘दत्तक’मध्ये निवड नाही, देणं आहे: दत्त म्हणजे दिलेला. यातून जुन्या हिंदू कायद्यात एक विचित्र गोष्ट घडली. मूल देण्याचा अधिकार आईबापांनाच, म्हणून ज्याला आईबाप नाहीत ते मूल सहसा दत्तक देताच येत नसे. द्यायला कोणी नाही! ज्याला घराची सगळ्यात जास्त गरज, त्याच्यासाठीच दार बंद. १९५६ च्या दत्तक कायद्यात १९६२ मध्ये दुरुस्ती झाली आणि आईबाप नसतील तर न्यायालयाच्या परवानगीने पालनकर्त्याने मूल द्यावं हे स्पष्ट झालं. कायदा एका शब्दाच्या व्युत्पत्तीत अडकून बसल्याचं इतकं बोचरं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

१५. मूल गमावलेल्या आईबापांसाठी शब्द आहे का? संस्कृतात ‘विलोम’ आहे असं फॉरवर्ड येतं.

इंग्रजीत रूढ शब्द नाही. लॅटिन ‘ऑर्बुस’ दोन्हीकडे चालत असे: आईबाप गमावलेलं मूल आणि मूल गमावलेले आईबाप. इंग्रजीत त्यातली एकच बाजू पोचली.

ते फॉरवर्ड पुढे पाठवू नका. संस्कृतात लोम म्हणजे केस आणि विलोम म्हणजे केसांच्या दिशेच्या उलट, उफराटा. अनुलोम-विलोम प्राणायामातला तोच. मुलाआधी आईबापांनी जायचं हा क्रम उलटला म्हणून त्यांना विलोम म्हणावं, असा प्रस्ताव अलीकडे अमेरिकेत मांडला गेला. मांडणारीची वेदना खरी होती, पण संस्कृत कोशात हा अर्थ नाही. मराठीत आपण ‘पुत्रशोक’ म्हणतो. दुःखाला नाव आहे, माणसाला नाही.

याच ओघात ‘विडो’ आणि ‘विधवा’ यांचं नातं विचारतात. ते नक्की आहे. दोन्ही ‘वेगळं होणं’ या अर्थाच्या एकाच मुळातून आले. ‘वि’ अधिक ‘धव’, म्हणजे नवरा नसलेली, ही फोड नंतरची. त्या फोडीतूनच ‘धव’ म्हणजे नवरा हा शब्द आणि मग ‘सधवा’ तयार झाली.

१६. ऑर्फन ड्रग, ऑर्फन प्रोसेस यांचा मुलांशी काय संबंध?

पाठीशी कोणी नाही, हा अर्थ उचलला आहे. मोजक्याच रुग्णांना लागणारं औषध बनवायला कंपनी पुढे येत नाही, म्हणून ते ऑर्फन ड्रग. अमेरिकेत १९८३ च्या कायद्याने, देशात दोन लाखांहून कमी रुग्ण असलेल्या आजारांच्या औषधांना सवलती दिल्या. संगणकात एखादी प्रक्रिया सुरू करणारी मूळ प्रक्रिया आधी संपली की उरलेली ती ऑर्फन, आणि युनिक्समध्ये तिला सहसा क्रमांक १ ची प्रक्रिया आपली म्हणून घेते. इथे मराठीत ‘अनाथ औषध’ चालतं, कारण अनाथचा मूळ अर्थ तोच आहे (प्रश्न ६).

१७. दत्तक गेल्यावर मूल ऑर्फन राहतं का? आणि फाउंडलिंगची आई पुढे सापडली तर?

कायद्याने ऑर्फन राहत नाही. व्याख्येतच ‘जन्मदाते किंवा दत्तक आईवडील नसलेलं’ असं आहे (प्रश्न ११), म्हणजे दत्तक आईवडील मिळाले की तो शब्द सुटतो. फाउंडलिंगचं वेगळं आहे. ते मूल कसं आलं एवढंच तो शब्द सांगतो, त्यामुळे आई सापडली तरी तेवढं खरंच राहतं. मात्र पुढच्या कागदांत तो पुन्हा लिहायची गरज नसते.

इंग्रजी व्याकरण इथे मदतीला येतं. ‘इज ॲन ऑर्फन’ म्हटलं की ती मुलाची कायमची ओळख होते. ‘वॉज ऑर्फन्ड ॲट फोर’ म्हटलं की चौथ्या वर्षी घडलेली गोष्ट होते. दोन वर्षांपूर्वी एका अकरा वर्षांच्या मुलीने आपल्या फायलीचं इंग्रजी पान माझ्यासमोर धरलं आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, ‘ताई, हे ऑर्फन अजून आहे का माझं? मला तर आईबाबा मिळाले ना आता.’ जुनं भाषांतर माझंच होतं. ती ओळ मी त्याच दिवशी बदलून दिली. आता तिथे ती चार वर्षांची असताना काय झालं ते भूतकाळात आहे, आणि त्याखालच्या ओळीत तिच्या आईचं आणि बाबांचं नाव आहे.